विश्लेषण : ‘टेट्रिस’ हरला म्हणजे नेमके काय झाले?

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात राहणाऱ्या विलिस गिब्सन या १३ वर्षांच्या मुलाने २१ डिसेंबर २०२३ रोजी १९८९ सालचा ‘टेट्रिस’ अशा जागी नेला, की पुढे तो हललाच नाही. ३८ मिनिटांच्या खेळानंतर ठोकळे थांबले, पडदा गोठला. ३४ वर्षांत मानवी खेळाडूकडून हे पहिल्यांदाच घडले. ‘मुलाने टेट्रिस जिंकला’ अशा मथळ्यांनी बातमी जगभर गेली. मात्र या गेमला शेवटच नाही, त्यामुळे रूढ अर्थाने तो जिंकता येत नाही. गिब्सनने गाठली ती प्रोग्राममधली एक त्रुटी, आणि ती साधारण कुठे आहे हे त्याला आधीच ठाऊक होते. ते कसे ठाऊक झाले, आणि आज विकल्या जाणाऱ्या गेमबाबत ३० वर्षांनी तसे काही कळू शकेल का, हे या विक्रमामागचे अधिक महत्त्वाचे प्रश्न आहेत.

२९वी पातळी ही भिंत का होती?

अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात ‘टेट्रिस’ तयार केला. गिब्सन खेळला ती आवृत्ती निन्टेन्डो कंपनीच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी १९८९ मध्ये आली. याच घराण्यातील यंत्राच्या नकला आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून विकल्या जात आणि त्यात घालायच्या खोक्याला सगळे ‘कॅसेट’ म्हणत. या आवृत्तीत दर दहा ओळी भरल्या की पातळी वाढते आणि ठरावीक पातळ्यांवर ठोकळ्यांचा वेग वाढतो. २९व्या पातळीवर ठोकळा २० ओळींचा पडदा सेकंदाच्या एक-तृतीयांश वेळात पार करतो. बटण दाबून धरले तरी तो कडेपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे कित्येक वर्षे ही पातळी म्हणजे गेमचा अंत, असेच मानले गेले.

ही भिंत पडली ती बोटांच्या नव्या पद्धतींमुळे. १९९० च्या निन्टेन्डो स्पर्धेतील विजेता थॉर ऑकरलुंड याने बटण दाबून धरण्याऐवजी ते अतिशय वेगाने वारंवार दाबून ३०वी पातळी गाठली. २०२० नंतर ‘रोलिंग’ ही पद्धत आली. यात अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटे तबल्यावर फिरवावीत तशी कंट्रोलरच्या पाठीवर वाजवायची. म्हणजे बोट बटण दाबत नाही, बटणच अंगठ्यावर येऊन आदळते. त्यानंतर विक्रम भराभर मोडू लागले.

गेम गोठतो कशामुळे?

या यंत्रातील प्रोसेसरला गुणाकार येत नाही. एक ओळ भरली की ४० गुण आणि त्याला पातळीच्या आकड्यात एक मिळवून गुणायचे, असा नियम आहे. प्रोग्राम हे काम बेरजेने करतो. १५७व्या पातळीवर एक ओळ भरली तर ४० हा आकडा १५८ वेळा मिळवला जातो. सुरुवातीच्या पातळ्यांवर हा वेळ नगण्य असतो. पण पडद्यावरचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा बदलते आणि चित्र बदलायची वेळ झाली की यंत्र हातातले काम मध्येच सोडून तिकडे वळते. बेरजा लांबल्या की हा व्यत्यय भलत्या क्षणी येतो. प्रोग्राम नेमका ‘पुढे कुठे जायचे’ हे ठरवत असताना व्यत्यय आला, तर तो चुकीच्या पत्त्यावर जातो. तिथे सूचना नसतात, खेळाची इतर माहिती साठवलेली असते. यंत्र तीच आज्ञा समजून पाळू लागते आणि कोलमडते.

हे पहिल्यांदा १५५व्या पातळीवर होऊ शकते. एकाच वेळी किती ओळी भरल्या यासारख्या बाबींवर ते अवलंबून असते. गिब्सनची तिथली संधी हुकली. १५७व्या पातळीवर, १,५११ ओळींनंतर, ती साधली.

त्याआधी १३८व्या पातळीपासून रंग बिघडू लागतात, त्याचेही कारण आकडेमोडीत आहे. रंगांचे संच दहाच आहेत. कोणता वापरायचा हे ठरवण्यासाठी प्रोग्राम पातळीच्या आकड्यातून दहा-दहा वजा करत जातो. १३८ मधून १० गेले की उरतात १२८, आणि आठ बिटांच्या या हिशेबात १२८ ही ऋण संख्या ठरते. वजाबाकी संपली असे समजून प्रोग्राम रंगांच्या तक्त्याबाहेरचीच माहिती रंग म्हणून वाचतो. काही पातळ्यांवर ठोकळे जवळपास काळ्या पडद्यावर काळे दिसतात. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये २५६व्या पातळीवर अर्धा पडदा अक्षरे-आकड्यांच्या ढिगाऱ्याने भरतो, तोही असाच आठ बिटांची मर्यादा ओलांडल्याचा परिणाम. इतक्या पुढे कुणी जाईल असे लिहिणाऱ्यांना वाटले नव्हते, इतकाच त्याचा अर्थ.

हे शोधले कुणी?

कंपनीने नव्हे. हौशी प्रोग्रामरांनी कॅसेटमधील यंत्रभाषेतला प्रोग्राम उलगडून ओळीओळीने वाचला. ‘स्टॅकरॅबिट’ हा गेम खेळणारा प्रोग्राम तयार झाला आणि तो २०२१ मध्ये २३७व्या पातळीपर्यंत गेला. कोणत्या पातळीवर काय केले असता गेम गोठू शकतो, याची माहिती खेळाडूंच्या हाती आली ती या खटाटोपातून. ऑक्टोबर २०२४ मध्ये मायकल आर्टियागा या १६ वर्षांच्या खेळाडूने, गोठण्याचा दोष काढलेल्या आवृत्तीवर, २५५वी पातळी ओलांडली. आकडा पुन्हा शून्यावर आला आणि गेम पहिल्यापासून सुरू झाला.

मग गांधीजींच्या अणुबॉम्बचे काय?

प्रोग्राम वाचता न येणाऱ्या त्रुटींचे काय होते, याचा नमुना भारताशी जोडलेला आहे. १९९१ च्या ‘सिव्हिलायझेशन’ या गेममध्ये महात्मा गांधी अचानक अण्वस्त्रे डागू लागतात, अशी दंतकथा आहे. त्यांचा आक्रमकपणा १ होता, लोकशाही स्वीकारल्यावर त्यातून २ वजा झाले आणि आकडा उलटून २५५ झाला, असे स्पष्टीकरण अनेक वर्षे फिरत राहिले. ऐकायला ते चपखल होते, म्हणूनच टिकले. गेमचे निर्माते सिड मायर यांनी २०२० मधील आत्मचरित्रात असे काही घडलेच नसल्याचे स्पष्ट केले. २०१० च्या ‘सिव्हिलायझेशन ५’मध्ये मात्र गांधीजींना अण्वस्त्रांची ओढ मुद्दाम, गंमत म्हणून देण्यात आली. अफवेतली त्रुटी अशी अधिकृत झाली.

आजच्या गेमची अशी तपासणी शक्य आहे का?

अनेकदा नाही. ‘टेट्रिस’ची कॅसेट घेणाऱ्याकडे अख्खा गेम होता. आजच्या बऱ्याच गेमचा मोठा भाग कंपनीच्या सर्व्हरवर असतो. त्रुटी सापडली की ती पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होते; खेळणाऱ्याच्या सोयीचे ते आहेच. पण सर्व्हर बंद झाला की पैसे मोजून घेतलेला गेमही बंद होतो. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ हा मोटार शर्यतीचा गेम ३१ मार्च २०२४ रोजी असाच बंद केला. तो एकट्याने खेळायचा असला तरी इंटरनेट जोडणी आवश्यक होती, त्यामुळे डिस्क घरात असूनही निरुपयोगी झाली.

त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. सेवा बंद करताना गेम खेळण्याजोगा ठेवून जावा, ही तिची मागणी. युरोपीय महासंघातील नागरिक-पुढाकाराच्या तरतुदीखाली या मागणीने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा आवश्यक टप्पा ओलांडला. यामुळे खर्च वाढेल आणि खासगी सर्व्हरवर सुरक्षेची हमी देता येणार नाही, असा गेम उद्योगाचा आक्षेप आहे. पूर्णपणे ऑनलाइन गेमबाबत त्यात तथ्य आहे. एकट्याने खेळायच्या गेमबाबत मात्र तो पटण्याजोगा नाही.

कायदा काय म्हणतो?

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, ग्राहकाला मालकी नव्हे तर केवळ परवाना मिळत असेल तर विक्रेत्याला तसे स्पष्ट सांगावे लागते. गेम चालू ठेवण्याचे बंधन त्यात नाही. जुन्या गेमची अवस्थाही बरी नाही. अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत, असे ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’च्या २०२३ मधील पाहणीत आढळले. असे गेम ग्रंथालयांना संशोधकांसाठी दूरस्थपणे उपलब्ध करू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. ग्राहकांच्या नाराजीनंतर युबिसॉफ्टने ‘द क्रू २’साठी इंटरनेटविना खेळण्याची सोय जाहीर केली. पहिला ‘द क्रू’ त्यात नव्हता.