केसपेपरवरील एक शब्द

सुमारे वीस वर्षांपूर्वीचा एक केसपेपर मी अद्याप जपून ठेवला आहे. वय चोवीस, प्रकृती वातपित्तप्रधान, अग्नी मध्यम, निद्रा अल्प, अशा नोंदी असून निदानाच्या जागी माझ्याच हस्ताक्षरात ‘क्लैब्य’ हा शब्द आहे. तरुणाला त्याचे वडील घेऊन आले होते. लग्न ठरले होते, तिथी निघाली होती आणि मुलगा नको म्हणत होता. सारे बोलणे वडिलांनीच केले. ते क्षणभर बाहेर गेले, तेव्हा तो खालच्या आवाजात इतकेच म्हणाला, की मुलींविषयी माझ्या मनात तसे काही येत नाही. मी ते वाक्य लक्षण म्हणून ऐकले. अश्वगंधा, कवचबीज, गोखरू. दुधाबरोबर तीन महिने. लग्न झाले. वर्षाच्या आत मुलगी माहेरी परतली आणि गावाने दोष तिच्याच पदरात टाकला.

ध्वजभंग आहे काय, शुक्रक्षयाची काही लक्षणे आहेत काय, हे मी विचारलेच नव्हते. विचारले असते तर दोन्हींचे उत्तर नकारार्थी आले असते. पुढे तो एकटा आला तेव्हा हे त्यानेच सांगितले. आरोप केला नाही. तो केला असता तर मला थोडे सोपे गेले असते.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात क्लैब्याचे चार प्रकार सांगितले आहेत : बीजोपघातज, ध्वजभंगज, जराज आणि शुक्रक्षयज. हा तरुण या चारांपैकी एकातही बसत नव्हता. शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात द्विरेता, पवनेन्द्रिय, संस्कारवाही, नरषण्ढ, नारीषण्ढ, वक्री, ईर्ष्याभिरती व वातिकषण्ढक असे आठ प्रकार येतात. तेथे विषय गर्भोत्पत्तीचा आहे, औषधाचा नाही. सुश्रुतांची यादी आणखी निराळी. आसेक्य, सौगन्धिक, कुम्भीक व ईर्ष्यक हे सशुक्र आणि केवळ षण्ढ अशुक्र, असा भेद त्यांनी स्वतःच केला आहे. कोणाच्या अवयवांची घडण, कोणाच्या शुक्रवहनातील दोष, कोणाच्या इच्छेचे वळण, असे हे वेगवेगळ्या पातळ्यांवरचे निरीक्षण आहे. परीक्षेच्या टिपणवह्यांत आपण त्या सर्वांचा ‘नपुंसक’ या एकाच शब्दात काढा केला. माता-पित्यांच्या वर्तनाशी या अवस्थांची जोडलेली कारणे आज कोणी स्वीकारावीत, असे मी म्हणणार नाही; ती त्या काळाची उपपत्ती होती. परंतु काही माणसे मुळातूनच अशी असतात, हे त्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले.

याच चरकसंहितेत, सूत्रस्थानाच्या त्रिशोथीय अध्यायात, विकाराचे नाव ठाऊक नसल्याची वैद्याला कधी लाज वाटू नये, कारण सर्वच विकारांना निश्चित नावे नसतात, असा स्पष्ट अभिप्राय आहे. प्रकृती, अधिष्ठान व हेतू ओळखून कर्म करावे, असे आचार्य सांगतात. विकाराच्या बाबतीत ही मोकळीक आहे. मग जेथे विकारच नाही तेथे नाव चिकटवण्याची घाई आपल्याला का व्हावी? जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता रोगांच्या यादीतून 1990 मध्ये वगळली. लिंगभावातील विसंगतीही तिच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात मानसिक विकारांत मोडत नाही.

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगावचे पोलीस कर्मचारी ललित साळवे यांचे उदाहरण वाचकांना आठवत असेल. जन्मतः मुलगी म्हणून नोंद, त्याच नोंदीवर पोलीस दलात भरती, पुढे तपासणीत वाय गुणसूत्र आढळणे, खात्याच्या परवानगीसाठीचा झगडा आणि 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया, असा तो प्रवास आहे. तेथे गुणसूत्रांच्या तपासणीची आणि शल्यतज्ज्ञाची गरज होती. माझ्या त्या तरुणाला यांपैकी कशाचीच गरज नव्हती. त्याचे शरीर पुरुषाचे होते, स्वतःविषयीची जाणीवही पुरुषाचीच होती, ओढ तेवढी निराळी होती. तिसरी एखादी व्यक्ती अशी असते, की तिच्या शरीरात काहीही न्यून नसते, पण तिची स्वतःविषयीची जाणीव त्या शरीराशी जुळत नाही. तिघांनाही आपल्याकडे एकाच शब्दाने हाक मारली जाते. तो शब्द येथे लिहिण्याची गरज नाही.

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेत जाणाऱ्या कोणालाही लुगडे नेसलेले, गळ्यात कवड्यांची माळ घातलेले आराधी नवे नाहीत. त्यांच्यापुढे हात जोडणारा गृहस्थ आपल्या मुलाच्या चालीत थोडा नाजूकपणा दिसताच त्याला आपल्याकडे घेऊन येतो. परंतु देवीच्या नावाचा शिक्का तरी नेहमी दयाळू असतो काय? राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या ‘जोगवा’ (2009) या चित्रपटातील नायक स्वतःला पुरुषच मानतो. त्याच्या लघवीतून रक्त जाते आणि लोक त्याला जोगता करून लुगडे नेसवतात. जेथे मूत्रपरीक्षा व्हायला हवी होती तेथे नामकरण झाले. वैद्याने हा चित्रपट अवश्य पाहावा.

हल्ली शहरात शिकणारी मुले इंग्रजी नावांची एक लांब यादी घेऊन येतात आणि ‘यांपैकी मी कोण?’ असे विचारतात. मी या नावांची थट्टा करणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या तृतीयपंथीयांविषयीच्या आणि 2018 च्या कलम 377 विषयीच्या निकालामागे अशी नावे स्वतःहून धारण करणाऱ्यांचा लढा आहे. स्वतः घेतलेले नाव आणि वैद्याने दिलेले नाव यांत मात्र अंतर आहे. मुलगा अजून निश्चित सांगत नसेल तर त्याला थांबू द्यावे. आपल्याला काही तो रकाना आजच भरायचा नसतो.

औषधविक्रेते बंधूंशीही थोडे बोलायचे आहे. वाजीकरण हे अष्टांगांपैकी एक अंग आहे, त्याची प्रतिष्ठा आहे. परंतु इच्छेची दिशा बदलण्यासाठी ते सांगितलेले नाही. ‘मुलाला मर्द करणारे काहीतरी द्या’ असे म्हणणाऱ्या बापाला डबा देणे ही फसवणूक होय, मग त्यातील द्रव्ये कितीही शुद्ध असोत. कामशक्ती वाढविण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तरी एस.टी. स्थानकांलगतच्या भिंती काय सांगतात ते आपण रोज वाचतो. समलैंगिक व्यक्तीला ‘बदलण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये जाहीर केले, त्यास मद्रास उच्च न्यायालयाचे आदेश कारण झाले. तो आयोग ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचा, म्हणून आपण मोकळे, असा युक्तिवाद माझ्या कानी आला आहे. तो वैद्याला शोभत नाही.

मुलाला घेऊन येणाऱ्या आईबापांना मी आता प्रथम बाहेर बसवतो. मुलाला विचारतो : तुला त्रास कशाचा होतो? बहुतेकदा उत्तर येते ते झोपेचे, भुकेचे, छातीतील धडधडीचे, घरातील बोलण्यांचे. कधी जीव नकोसा झाल्याचेही. तेव्हा वेळ न दवडता मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो, आणि कशासाठी पाठवतो आहे हे चिठ्ठीत नीट लिहितो. मग आईबापांना आत बोलावतो. औषध नाही, असे ऐकून काही जण उठून जातात आणि दुसऱ्या दवाखान्यात औषध मिळवतात, हेही मला ठाऊक आहे.

तो तरुण आता चाळिशी ओलांडून गेला आहे. त्याची ती पत्नी पुढे कोठे गेली, तिचे काय झाले, याची मी कधी चौकशी केली नाही. तो अजूनही माझ्याकडे येतो, अम्लपित्तासाठी. नव्या केसपेपरवर तेवढेच लिहिले आहे.