पत्रा गावचा, धागा परका

परभणीहून गंगाखेडकडे जाताना पोखर्णीचे नृसिंहाचे देवस्थान लागते. दर्शनाला निघालेल्या भाविकाने वाटेतील वस्त्यांकडे सहज दृष्टी टाकली, तर मराठवाड्यात अन्यत्र दिसते तेच येथेही दिसेल. माळवदे उतरली आणि करडे सिमेंटचे पत्रे चढले. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात जड माळवदांखाली हजारो माणसे गाडली गेल्यावर लोकांना हलक्या छपराची ओढ लागली, यात नवल नाही. परंतु या पत्र्याच्या पोटात काय आहे, हे किती गृहस्थ विचारतात?

बहुधा त्यात ॲस्बेस्टॉस हा खनिज धागा असतो. पत्रा कापताना वा फुटताना उडणाऱ्या त्याच्या धुळीने फुप्फुसाचा कर्करोग होतो. युरोपीय संघाने 2005 पर्यंत त्याचा वापर बंद केला. आपल्या देशात 1986 पासून नवे खाणपट्टे देणे थांबले. आयात मात्र चालूच राहिली. स्वतःच्या भूमीतून काढणे घातक आणि रशियातून आणणे निर्धोक, हा कोणता न्याय?

पर्याय अशक्य कोटीतला नाही. आपल्या घरातील सोऱ्या आठवावा. सिमेंट, राख आणि बारीक तंतू यांची कमी पाण्यात मळलेली कणीक मळसूत्राच्या दाबाने साच्यातून रेटली, की पोकळ फलक बाहेर पडतात. रेटताना तंतू एका दिशेने ओळीत बसतात आणि तडा रोखून धरतात. पीठ सैल झाले तर चकलीचा आकार बसतो, फार घट्ट झाले तर ती तुटते. येथेही सारी मेख तीच. जपानमध्ये भिंतीचे फलक या रीतीने अनेक वर्षे बनत आहेत.

तंतू मात्र आपला हवा. कपाशीची पऱ्हाटी आपण बांधावर जाळतो. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तिच्यापासून लाकडासारखे फलक करून दाखविले आहेत. सिमेंटमध्ये ती घालणे तितके सोपे नाही, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे. सिमेंटच्या क्षाराने वनस्पतींचे तंतू कुजतात. काही सिमेंटच्या जागी औष्णिक केंद्राची राख घातल्यास तो क्षार उतरतो. ती राख जवळच परळीला आहे आणि कृषी विद्यापीठ परभणीतच. या दोघांची गाठ कोण घालून देणार?

शासनाने तोवर हातावर हात ठेवून बसू नये. ॲस्बेस्टॉसविना पत्रे, महाग असले तरी, आजही बाजारात मिळतात. घरकुलांच्या आणि शाळाखोल्यांच्या कामांत तेच वापरण्याची अट घालण्यास कोणत्याही संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.