तुटलेला अस्थिबंध आणि आपले कर्तव्य

दिवाळी सरली की लाखनी परिसरात मंडईबरोबर कबड्डीचे सामने रंगतात आणि आपल्या चिकित्सालयांत सुजलेले गुडघे येऊ लागतात. बहुतेकांना ‘मुरगळला आहे’ असे सांगून आपण लेप, पट्टबंधन व गुग्गुळकल्प देतो. प्रस्तुत लेखकानेही काही वर्षांपूर्वी एका तरुण खेळाडूस असेच चार महिने उपचार दिले. सूज ओसरली, वेदना शमली. तो पुन्हा मैदानात उतरला आणि गुडघा निसटून कोसळला. ए.सी.एल. हा अस्थिबंध पूर्वीच तुटलेला होता. आता मेनिस्कस ही कूर्चेची गादीही फाटली होती. दोष शास्त्राचा नव्हता, माझ्या निदानाचा होता.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात स्नायूंनी बांधलेल्या देहास अनेक बंधनांनी आवळलेल्या फळ्यांच्या नौकेची उपमा दिली आहे. जानु हे वैकल्यकर मर्म असून त्याच्या आघाताने खंजता येते, हेही तेथेच सांगितले आहे. बंधन तुटले असता फळीस लेप लावून नौका तरत नाही.

हा अस्थिबंध पूर्ण तुटल्यास सहसा आपोआप सांधत नाही. नुसते शिवणेही बहुधा टिकत नाही. म्हणून रुग्णाचीच कंडरा घेऊन, दुर्बिणीच्या साह्याने मांडीच्या व नडगीच्या हाडांत बोगदे पाडून, ती स्क्रूने वा बटणाने बसवितात. वाटीखालील कंडरा अस्थिखंडांसह घेतल्यास हाडाशी हाड लवकर जुळते. परंतु गुडघे टेकताना पुढील बाजूस वेदना राहू शकते. मांडीमागील कंडरा घेतल्यास ही तक्रार कमी असते. मात्र ती रुजण्यास अधिक काळ लागतो व गुडघा वाकविण्याचे बळ काहीसे घटते. वाटीवरील कंडरा हा तिसरा पर्याय होय. फरशी बसविणारा कारागीर आणि चढाई करणारा खेळाडू यांना एकच निवड मानवेल असे नाही. शल्यचिकित्सकास हा प्रश्न विचारावयास आपणच रुग्णास शिकविले पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतर संयम हेच औषध. बसविलेली कंडरा आरंभीचे काही महिने दुर्बल असते. नऊ महिन्यांच्या आत खेळास परतल्यास ती पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो. डिसेंबर २०२२ मधील अपघातानंतर क्रिकेटपटू ऋषभ पंत यांच्या गुडघ्यावर जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. ते मैदानात परतले मार्च २०२४ मध्ये. त्यांची इजा अधिक गंभीर होती हे खरे. पण सर्व साधने हाताशी असूनही एवढा काळ द्यावा लागला, हे आपल्या तरुणांना सांगण्यासारखे आहे. आहार, व्यायाम व धीर यांचा सांभाळ गावातील वैद्यच उत्तम करू शकतो.

प्रत्येकास शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. ज्याचा गुडघा निसटत नाही व ज्यास खेळावयाचे नाही, त्याचे व्यायामानेही भागू शकते. परंतु हा निर्णय निदानानंतरचा आहे. इजेच्या वेळी ‘कट्’ आवाज, काही तासांत आलेली सूज आणि गुडघा निसटण्याची भावना असल्यास जोराचे मर्दन टाळावे, लॅचमन परीक्षा करावी व शंका येताच एम.आर.आय.साठी पाठवावे. हंगामापूर्वी आपल्या संघटनेने या परीक्षेचे एक प्रात्यक्षिक अवश्य ठेवावे.

रुग्ण वेळेवर पुढे पाठविण्यात वैद्याचा कमीपणा नाही. त्याचा वेळ दवडण्यात आहे.