दुसरी प्रत कुठे आहे?

समजा, एका विद्यार्थ्याने पावसाळ्याचे चार महिने रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापक पाहून आकडे लॅपटॉपमध्ये नोंदवले. विज्ञान प्रदर्शन आठवड्यावर आले आणि लॅपटॉप सुरूच होईना. लॅपटॉप दुसरा आणता येईल. पण जुलैतला पाऊस पुन्हा मोजता येईल काय?

अशा वेळी घाबरून जाऊ नये. यंत्र बंद पडणे आणि त्यातील माहिती नष्ट होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोष चार्जरचा, बॅटरीचा किंवा पडद्याचा असेल, तर हार्ड डिस्क बहुधा शाबूत असते. जाणकाराकडून ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की फाइली उतरवून घेता येतात. मात्र काही लॅपटॉपांत साठवणीच्या चिपा मुख्य पट्टीवरच डाक दिलेल्या असतात. तेथे हा मार्ग खुंटतो.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर यंत्र ताबडतोब बंद करावे. आतली चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारे शीर्ष तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते. ते घासू लागले, की आपला प्रत्येक प्रयत्न म्हणजे नवा ओरखडा!

चुकून पुसलेल्या फाइलीचे तसे नाही. हार्ड डिस्कवर बहुधा अनुक्रमणिकेतील नोंद तेवढी जाते. मजकूर त्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत टिकतो. म्हणून त्या डिस्कवर काहीही लिहू नये. एसएसडीत मात्र पुसलेले कप्पे लवकरच खरोखर रिकामे केले जातात.

पण हे सारे रोग झाल्यानंतरचे उपचार. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार होत असताना एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या फाइली पुसल्या गेल्या. राखून ठेवलेली प्रत पाहिली, तर तीही सदोष! गॅलिन ससमन या तंत्रज्ञ बाईंच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, म्हणून काम वाचले. तात्पर्य, प्रत काढणे पुरेसे नाही. ती उघडते की नाही हेही पाहिले पाहिजे.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. प्रकल्प तपासताना ‘दुसरी प्रत कुठे आहे?’ असे विचारावे आणि त्यासाठी थोडे गुण राखून ठेवावेत. एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत, हा नियम सोपा आहे. यात खर्चही फारसा नाही. रोजचे आकडे शाईने लिहिलेली साधी वही हीसुद्धा एक प्रतच आहे, आणि तिला वीज लागत नाही.

निरीक्षण करणे हे विज्ञानाचे निम्मे काम. ते जपून ठेवणे हे उरलेले निम्मे. मित्रहो, तुमची दुसरी प्रत कुठे आहे?