अम्मीच्या वर्गातल्या मुली

आम्ही ज्या शाळेत शिकवतो, त्याच शाळेत आमची अम्मी शिकली. चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या खाडीकाठी आमचे गाव. गेल्या मे महिन्यात निकालपत्रकांचे काम चालू असताना तीन वयस्कर गृहस्थ शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या कानात ऐकायचे यंत्र, तिसऱ्यांनी सारी उमर जहाजावर नोकरी केलेली. तिघेही 1973 च्या मॅट्रिकचे. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे.

ही मंडळी दरवर्षी आंब्याच्या दिवसांत एकत्र जेवतात. कोणाची बायपास झाली, कोण कुवेतची नोकरी संपवून परतला, कोणाच्या नातवाला इंजिनियरिंगला जागा मिळाली, सगळे त्यांना पाठ. वर्गातल्या सोबत्यांची यादीच त्यांनी करून ठेवली होती. चौतीस नावे. सात नावांपुढे 'मरहूम' लिहिलेले. आणखी कोणी राहून गेले का, हे शाळेच्या दप्तरात पाहून द्या, एवढेच त्यांचे मागणे होते.

यादी वाचून आम्ही विचारले, "चाचा, वर्गात मुली नव्हत्या का?"

तिघे एकमेकांकडे पाहू लागले. "होत्या ना. आठ-नऊ होत्या. पण लग्नं होऊन गेल्या. आता कोण कुठे, कसं कळणार?"

"त्यांतली एक आमची अम्मी. मशिदीमागच्या आळीत राहते."

जहाजावरच्या चाचांनी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या अब्बांच्या मय्यतीला ते आले होते, ईदला घरी येऊन गेले होते. अम्मीला ते अब्बांची बायको म्हणून ओळखत होते, आमची आई म्हणून ओळखत होते. ती आपल्याच वर्गात होती, हे मात्र ते पार विसरून गेले होते.

संध्याकाळी आम्ही हा किस्सा अम्मीला सांगितला. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "त्यांना काय बोलायचं? आम्ही नऊ जणी होतो. मला तरी सहांचीच नावं आठवतात. तिघींची गेली."

अम्मीकडे वर्गाचा एक फोटो होता. 22 जुलै 2021 च्या महापुरात घरात पाणी शिरले, तेव्हा ट्रंकेतल्या कागदांचा लगदा झाला. त्यात तो फोटोही गेला. शाळेचे जुने दप्तर मात्र वरच्या मजल्यावर होते, म्हणून वाचले. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आम्ही जनरल रजिस्टर काढले. जून 1966, इयत्ता पाचवी. निळ्या शाईतले सुबक अक्षर. नऊ मुली सापडल्या. अकरावीपर्यंत पोहोचलेल्या फक्त तीन.

बाकी सहांच्या नावांपुढे 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात काय लिहिले होते? एकीपुढे 'लग्न'. दोघींपुढे 'परगावी गेल्यामुळे'. तिघींपुढे 'सतत गैरहजर'. हा रकाना आम्हीही वर्षानुवर्षे भरत आलो आहोत. 'सतत गैरहजर' लिहायला दोन सेकंद लागतात. घरात धाकटे भावंड सांभाळायला कोणी नाही, शाळेला जायला वाटेत तर ओलांडावी लागते, पोरगी मोठी दिसू लागली, यातले काहीही त्या दोन शब्दांत मावून जाते.

मग शोध सुरू झाला. पुरुषाला शोधणे सोपे. नाव तेच, आडनाव तेच, बहुधा घरही तेच. परदेशी गेला तरी महिन्याच्या महिन्याला ड्राफ्ट घरी येत होता, त्याचा पत्ता गावाला ठाऊक असे. बाईचे आडनाव निकाहनंतर बदलते. रेशनकार्डावर, मतदार यादीत ती अमक्याची बायको. टेलिफोन आला तो मालकाच्या नावाने. पूर्वी मैत्रिणीला पत्र लिहावे, तर ते आधी सासऱ्यांच्या हाती पडणार. म्हणून दोन-तीन वर्षांत पत्रे थांबायची. भांडण नाही, रुसवा नाही, नुसता पत्ता हरवायचा.

अम्मीने युक्ती सांगितली. "सासर शोधू नका. माहेर शोधा." माहेरच्या आडनावावरून भाऊ सापडले, भाचे सापडले, त्यांच्याकडून मोबाईल नंबर मिळाले. दीड महिन्यात चित्र असे उभे राहिले: दोघी अल्लाहच्या घरी गेलेल्या. एक मुंब्र्याला मुलाकडे, अंथरुणावर. एकीचा पत्ता लागला नाही. चौघी हिंडत्या-फिरत्या. एका रविवारी त्या चौघींना आम्ही घरी बोलावले. त्यांची नावे येथे देत नाही, तसे त्यांनी बजावले आहे.

दारात एकीनेही दुसरीला ओळखले नाही. पन्नास वर्षांपूर्वीची मुलगी शोधायची आणि समोर नातवंडांची दादी उभी. शेवटी अम्मी म्हणाली, "बाकाप्रमाणे बसा गो." तशा त्या पलंगावर आणि खुर्च्यांवर बसल्या आणि मग ओळख पटली. ही माझ्या डावीकडची. हिच्या कंपासपेटीतला पेन्सिलीचा तुकडा माझ्याकडेच राहिला.

सांदणे झाली, चहा झाला. आधी साखर आणि गुडघे, मग सुना आणि नातवंडे. मग 11 डिसेंबर 1967 ची पहाट निघाली. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या सहावीत होत्या. घर हलले, सगळे अंगणात पळाले, नंतर कित्येक रात्री बाहेरच निजले. पाच जणींना ती थंडी आठवत होती.

एका खालांचे मालक कुवेतला होते. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा खाला दोन लहान मुलांसह तिथेच होत्या. बसने इराकमधून जॉर्डनपर्यंत, सरहद्दीवर तंबूत दिवस काढले, मग अम्मानहून विमानाने मुंबई. एका बॅगेत मुलांचे कपडे आणि कुरआन शरीफ. बाकी सगळे मागे.

अम्मी ऐकत राहिली. "मी त्या वेळी रोज रेडिओवरच्या बातम्या ऐकायचे. आळीतल्या तीन घरांतले पुरुष तिथे होते. सगळ्यांसाठी दुआ मागायचे. पण तू तिथं आहेस हे मला कुणी सांगितलंच नाही."

"मग मला पण लागली असेल ती दुआ," खाला म्हणाल्या.

पाचव्या बाई खाडीपलीकडून आल्या होत्या. त्या यायलाच तयार नव्हत्या. फोनवर म्हणाल्या होत्या, "तुम्ही मॅट्रिकवाल्या. मी नववीतून गेले. मी कसली तुमच्या वर्गातली?" अम्मीने त्यांना चांगलेच खडसावले होते. वर्गात गणितात पहिल्या यायच्या त्या याच. आता बोलता बोलता त्यांनी आम्हाला हळूच विचारले, "मास्तरांनी माझ्या नावापुढे काय लिहिलंय?"

आम्ही रकाना लिहून आणला होता. कारण, सतत गैरहजर. पण त्याच्या अलीकडचे दोन रकाने आम्ही आधी वाचले. प्रगती, उत्तम. वर्तणूक, उत्तम.

खाला काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला वाटलं होतं, नाव काढून टाकलं असेल." दीराची तांदळाची गिरण होती, तिचा जमाखर्च त्यांनी वीस वर्षे लिहिला. तीन मुलींना शिकवले, धाकटी आमच्यासारखीच बी.एड. झाली. तरी स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला त्यांनी कधी घेतला नव्हता. आपण शाळेची काहीतरी चूक केली आहे, असेच त्या समजत होत्या. पुढच्या आठवड्यात रीतसर अर्ज देऊन त्यांनी तो दाखला नेला. शिपायाने विचारले, कशाला हवा? म्हणाल्या, ठेवायला.

हजरत अब्दुल्लाह बिन उमर (र.) यांची हकीकत अनेकांना माहीत असेल. मक्केच्या वाटेवर त्यांना एक खेडूत भेटला. त्यांनी त्याला सलाम केला, आपली स्वारी दिली, डोक्यावरचा अमामाही दिला. सोबतचे म्हणाले, ही माणसे थोडक्यातही खूश होतात. तेव्हा त्यांनी सांगितले की, याचे वडील माझ्या वडिलांचे मित्र होते, आणि वडिलांच्या मित्रांशी नाते राखणे ही मोठी नेकी आहे असे पैगंबर (स.) यांनी सांगितले आहे. पैगंबर (स.) स्वतः हजरत खदीजा (र.) यांच्या पश्चात त्यांच्या मैत्रिणींकडे गोश्त पाठवीत असत. अब्बांचे दोस्त आपण सारेच ओळखतो, रस्त्यात थांबून सलाम करतो. अम्मीच्या मैत्रिणी किती जणांना ठाऊक आहेत? आमची अम्मी 68 वर्षांची होईपर्यंत आम्ही तिला कधी हा प्रश्न विचारला नव्हता.

वाचकांनी एवढेच करावे. आज रात्री जेवण झाल्यावर आईला, दादीला, नानीला विचारा, तुझ्या बाकावर कोण बसायचं? शाळा चौथीपर्यंतच झाली असेल तरी विचारा. नाव सांगेल, माहेरचे गाव सांगेल. तेवढ्यावरून माणूस सापडते. आणि लवकर विचारा, कारण मुंब्र्याच्या खालांना भेटायला अम्मीला घेऊन आम्ही दिवाळीच्या सुट्टीत जाणार होतो. त्या सप्टेंबरातच गेल्या. फोनवर मात्र दोघी तीन वेळा बोलल्या होत्या.

पुरुषांच्या यादीत आता 'वर्गभगिनी' म्हणून नऊ नावे जोडली आहेत. जहाजावरच्या चाचांनी ती स्वतःच्या अक्षरात लिहिली. तिघींपुढे 'मरहूमा' आहे. एका नावापुढे जागा कोरी आहे. तिचा मोठा भाऊ पूर्वी खेडला राहायचा, एवढेच अम्मीला आठवते. पुढच्या रविवारी आम्ही खेडला जाऊन येणार आहोत.