देवालाही घर सोडावं लागतं

कृष्णा-पंचगंगेला पूर आला की नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी उत्तरेकडून शिरतं आणि पादुकांवरून वाहत दक्षिणद्वारानं बाहेर पडतं. त्या धारेत स्नानाला भाविकांची झुंबड उडते. हाच दक्षिणद्वार सोहळा. पाणी आणखी चढलं, की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. पुरात देवालाही घर सोडावं लागतं. आम्हा कोल्हापूरकरांना तो आपल्यातला वाटतो, तो बहुधा म्हणूनच.

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४३ ची! शिरोळ तालुक्यात गावंच्या गावं पाण्यात. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर चिखल उपसायचा, देव्हारा धुवायचा, दिवा लावायचा आणि म्हणायचं, ‘देवानं तारलं.’ बोटी घेऊन आलेले जवान, भाकऱ्या बांधून देणारी शेजारची गावं डोळ्यांसमोर असूनही श्रेय त्यालाच. मला त्यात वावगं दिसत नाही. त्या हातांना बळ कुणी दिलं, हा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

हा पावसाळी अंक छापायला देताना हात जोडले. बंधाऱ्याची पातळीही दोनदा पाहून घेतली.