उपरा : एका शब्दाचे दोन प्रवास

जो येथला नव्हे तो उपरा, इतका या शब्दाचा अर्थ साधा आहे. परंतु गेल्या सहा दशकांत मराठीमध्ये त्याचे दोन अगदी भिन्न प्रवास झाले. मुंबईच्या सभामैदानांवर गाजलेल्या राजकारणात उपरा म्हणजे नेहमी दुसरा कोणीतरी. लक्ष्मण माने यांनी मात्र १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिले आणि तो शब्द स्वतःकडे घेतला. कैकाडी समाजात जन्मलेल्या या लेखकाचे वाडवडील याच भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या भटकले, आणि तरीही एकाही गावाने त्यांना आपले म्हटले नाही. या ग्रंथाला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, तो अभ्यासक्रमांत लागला, त्यावर प्रबंध लिहिले गेले. परंतु त्याने विचारलेला प्रश्न आपण वर्गाबाहेर नेला नाही, अशी माझी तक्रार आहे.

पहिल्या प्रवासाचा आरंभ सर्वज्ञात आहे. ऑगस्ट १९६० मध्ये ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक निघाले आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली. या दोन घटनांच्या दरम्यान ‘मार्मिक’मधून मुंबईतील कार्यालयांत काम करणाऱ्या अमराठी, विशेषतः दाक्षिणात्य, अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात. ‘वाचा आणि थंड बसा’ हे त्या सदराचे शीर्षक. मराठी तरुणाचे गाऱ्हाणे खोटे होते असे कोणी म्हणू नये. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांच्या घरची माणसे गोळ्यांना बळी पडली, त्यांना राज्य मिळाल्यावर नोकरी मिळेना, हे दुःख खरे होते. प्रश्न त्या दुःखाला कोणती भाषा देण्यात आली, हा आहे.

माझ्या मते यादी हा लोकानुनयी वक्तृत्वाचा मूळ वाङ्मयप्रकार होय. यादीला युक्तिवाद लागत नाही. एकाखाली एक नावे आली की वाचक निष्कर्ष स्वतःच काढतो, आणि स्वतः काढलेल्या निष्कर्षावर माणसाचा विश्वास अधिक बसतो. शिवाय यादीतील नाव कालांतराने बदलता येते. साठच्या दशकात तेथे दाक्षिणात्य होता. २००८ साली उत्तर भारतीय टॅक्सीचालक, फेरीवाला आणि रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेला विद्यार्थी होता. कर्ता बदलतो, क्रियापद तेच राहते. आणि काही नावे या यादीत कधी येतच नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांतील कितीतरी जण पुन्हा कामावर गेलेच नाहीत. गिरणगावातील मराठी माणसाचे पाय ज्या निर्णयांनी उखडले, ते निर्णय मद्रासहून आलेल्या कारकुनाने घेतले नव्हते. परंतु भांडवलाचा चेहरा व्यंगचित्रात रेखाटणे कठीण आणि शेजाऱ्याची लुंगी रेखाटणे सोपे.

‘परप्रांतीय’ हा शब्दही तपासून पाहण्याजोगा आहे. प्रांत ही ब्रिटिश अमदानीतील शासकीय विभागणी होती. १९५० साली संविधान अमलात आले, प्रांत गेले आणि राज्ये आली. अनुच्छेद १९ ने नागरिकाला देशात कोठेही जाण्याचा व वसण्याचा हक्क दिला. अनुच्छेद १६ ने शासकीय नोकरीत जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई केली. म्हणजे ज्या शब्दाने आपण माणसाला बाहेरचा ठरवितो, त्या शब्दातील प्रांतच आता अस्तित्वात नाही.

मुंबईच्या मराठी साहित्याने याबाबत दिलेली साक्ष निःसंदिग्ध आहे. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून बापाबरोबर पायी चालत मुंबईस आले. नारायण सुर्वे यांचा ‘माझे विद्यापीठ’ हा संग्रह १९६६ चा, म्हणजे शिवसेनेच्या जन्मवर्षाचाच. रस्त्यावर सापडलेले ते तान्हे मूल एका गिरणी कामगाराने आपले म्हणून वाढविले आणि आपले आडनावही दिले. जन्मदाते कोण, मूळ गाव कोणते, याचा एकही कागद ज्याच्यापाशी नव्हता, त्याला आपण या महानगराचा श्रेष्ठ मराठी कवी मानतो. आज त्याच्याकडे कोणी भूमिपुत्रत्वाचा पुरावा मागितला असता, तर त्याने काय दाखविले असते?

हा प्रश्न काल्पनिक नाही, हे दिल्लीत राहणाऱ्यांना तरी सांगावे लागू नये. २०२५ च्या जुलैमध्ये गुरुग्राममध्ये कचरा वेचणारे, घरकाम करणारे अनेक बंगाली भाषक कष्टकरी कागदपत्रांच्या पडताळणीसाठी ताब्यात घेतले गेले. कित्येक कुटुंबे भयाने वस्ती सोडून गेली. त्यांत पश्चिम बंगाल व आसाममधील भारतीय नागरिक मोठ्या संख्येने होते. त्याच सुमारास दिल्लीतील एका पोलीस ठाण्याने दस्तऐवजांच्या भाषांतरासाठी बंगभवनाला पत्र लिहिले आणि त्यात ‘बांगलादेशी भाषा’ असा उल्लेख केला. नागरिक कोण हे ठरविण्याचा राज्यसंस्थेचा अधिकार मी नाकारीत नाही. परंतु रवींद्रनाथांची भाषा जेव्हा परकेपणाचा पुरावा ठरते, तेव्हा तो केवळ पोलिसांचा विषय राहत नाही. आसामात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या नागरिक नोंदवहीतून १९ लाखांहून अधिक माणसे वगळली गेली. तीही एक यादीच. तेथील ज्या कवींनी ‘मिया’ हा हिणविण्याचा शब्द आपल्या कवितेचे नाव म्हणून स्वीकारला, त्यांच्यापैकी दहा जणांवर त्याच वर्षी पोलिसांत तक्रारी नोंदल्या गेल्या. माने यांनी जे केले तेच त्यांनी केले. माने यांना पुरस्कार मिळाला.

मराठीचा आग्रह धरणे आणि माणसाला हाकलणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारे शासननिर्णय महाराष्ट्र शासनाने जून २०२५ अखेर रद्द केले. ते लोकमताच्या रेट्याने, आणि तो रेटा न्याय्य होता. त्याच सुमारास मीरा रोड येथील एका दुकानदाराला मराठी बोलण्यावरून मारहाण झाली. पहिल्या घटनेत मराठीची प्रतिष्ठा वाढली. दुसरीत मराठी ही भीती दाखविण्याची वस्तू झाली, आणि भीतीने शिकलेली भाषा कोणी मुलाबाळांना हौसेने शिकवीत नाही.

दिल्लीतील आपण मराठी भाषक स्वतः येथे उपरेच आहोत. कोणी नोकरीसाठी आलो, कोणी शिक्षणासाठी. येथे शाळा काढल्या, मंडळे स्थापिली. १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली आणि २०२५ मध्ये तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने याच नगरीत भरली. तुमची भाषा येथली नव्हे, असे त्या वेळी आपल्याला कोणी म्हटले नाही. हे सौजन्य आपण गृहीत धरले. त्याची परतफेड करण्याचा प्रसंग आता आला आहे. एखाद्या कार्यालयाने आपल्या देशातील एखादी भाषा परकी म्हणून नोंदविली, तर ती कोणती भाषा आहे, ती कोठे कोठे बोलली जाते आणि तिचे साहित्य कोणते, हे विद्यापीठांतील भाषाविभागांनी त्या कार्यालयास लेखी कळवावे. एक पानभर मजकूर पुरेल. तेवढे ज्ञान आपल्यापाशी आहे, आणि त्याचे वेतनही आपण घेतो.